ठासणीची बंदूक आणि दारूचा दाणा

आमच्या घरच्या बंदुकीच्या परवान्यावर हेतूच्या रकान्यात कन्नडमध्ये 'बेळे रक्षणे', म्हणजे पीकसंरक्षण, असे लिहिलेले आहे आणि हत्याराच्या रकान्यात 'एसबीएमएल' अशी अक्षरे आहेत. याचा अर्थ एकनळी, तोंडाकडून भरायची बंदूक. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत तिला ठासणीची बंदूक म्हणतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि जंगलाला लागून शेती असलेल्या अनेक कुटुंबांकडे त्यामुळेच असे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आमच्या शिवारापासून भीमगड अभयारण्याची हद्द फार दूर नाही. भात पोसवू लागले की गवे उतरतात आणि रताळ्यांचे वेल जमिनीवर पसरले की रानडुकरांचे कळप रात्रीतून वाफेच्या वाफे उकरून टाकतात. अशा वेळी माळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाने आकाशाकडे तोंड करून उडवलेला एक मोकळा, म्हणजे छर्रे न भरलेला, बार कळपाला रानाकडे परतवायला पुरेसा असतो.

या बंदुकीविषयी आमच्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा दारू किती घालावी याचीच असते. माझे आजोबा आणि त्यांच्यानंतर माझे वडील अण्णा, दोघेही दारू बोटांनी मोजत. रिकाम्या नळीत दारू ठासायचा गज सोडला की तो तोंडाबाहेर किती उरतो हे त्यांना ठाऊक असे, आणि दारू व चिंध्यांचा बोळा ठासून झाल्यावर गज आणखी किती बोटे वर आला यावरून बार बरोबर भरला की नाही ते ठरवीत. दारू कोणत्या दाण्याची आहे हा प्रश्न मात्र मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. दुकानातून जी दारू मिळेल ती आणायची आणि तीच भरायची, एवढाच रिवाज होता. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठा पूर आला त्या २०१९ सालच्या पावसाळ्याअखेरीस घडलेल्या एका प्रसंगानंतर मी हा प्रश्न विचारू लागलो.

त्या रात्री मी अण्णांबरोबर माळ्यावर होतो. त्यांनी नेहमीप्रमाणे बार भरला, नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या पोकळ निपलवर, घोड्याच्या आघाताने फुटून ज्योत देणारी टोपी बसवली, घोडा ताणला आणि चाप ओढला. टोपी फुटल्याचा कोरडा आवाज आला, पण बार उडाला नाही. अण्णांनी क्षणभर वाट पाहिली आणि टोपी बदलण्यासाठी बंदूक खाली घेतली. नळीचे तोंड बांधाकडे वळले असतानाच बार उडाला. तेथे कोणी उभे नव्हते आणि बारात छर्रे नव्हते, म्हणून त्या रात्रीची परिणती कानठळ्या आणि धुरापुरतीच राहिली. परंतु वडिलांचा तो थरथरता हात मी अजूनही विसरू शकलेलो नाही. टोपी फुटूनही बार न उडाल्यास नळी निर्धोक दिशेला रोखून किमान एक मिनिट, आणि जमल्यास त्याहून अधिक वेळ, तशीच धरून ठेवावी, हा नियम त्यांना माहीत नव्हता असे नाही. पण कळप बांधावर आलेला असताना एक मिनिट किती लांब वाटते हे राखणीला बसलेल्यालाच कळते.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दारूतले चिमूटभर दाणे मी पांढऱ्या कागदावर पसरले, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवली आणि शाळेतील भिंगातून पाहिले. बरेच दाणे मोहरीएवढे होते, काही एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या, आणि डब्याच्या तळाशी मैद्यासारखी भुकटी साचली होती. म्हणजे एकाच डब्यात तीन वेगवेगळ्या वेगांनी जळणारी दारू होती, आणि आम्ही मात्र ती एकच वस्तू समजून बोटांनी मोजत होतो.

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, हे सर्वांना माहीत असते. पण तिचा स्वभाव जितका घटकांवर अवलंबून असतो तितकाच तो दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो. सुरुवातीच्या काळात ही दारू पिठासारखी असे. गाडीवरून नेताना हिसक्यांनी तिचे घटक वेगळे होत, ती लवकर ओल धरी, आणि नळीत घट्ट ठासली तर ज्योतीला आत शिरायला वाट न मिळाल्याने कधी अर्धवट जळे, तर कधी अचानक. युरोपात पंधराव्या शतकात दाणेदार दारूचा वापर सुरू झाला आणि या अडचणी पुष्कळ कमी झाल्या, कारण दाण्यांमधल्या मोकळ्या जागेतून ज्योत क्षणात सर्व बारभर पसरते आणि त्यानंतर प्रत्येक दाणा आपल्या पृष्ठभागापासून आत जळत जातो. दाणा बारीक असेल तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त मिळतो, दारू झटकन जळते आणि नळीतला दाब एकदम चढतो. दाणा जाड असेल तर ती सावकाश जळते आणि दाब हळूहळू वाढतो. दारूची प्रत निवडताना पुढे जे जे ठरवावे लागते ते सर्व या एका गोष्टीतून निघते.

परदेशी कारखान्यांच्या डब्यांवर ही प्रत इंग्रजी 'एफ' या अक्षराने दाखवलेली असते. जितके एफ अधिक, तितका दाणा बारीक. शेवटी येणारा 'जी' हा दाण्यांना ग्रॅफाइटची झिलई दिलेली असल्याचे सांगतो. त्या झिलईमुळे दारू मोकळी वाहते आणि ओल काहीशी उशिरा धरते. एक एफची दारू साधारण १.२ ते १.७ मिलिमीटरच्या चाळणीतली असते, म्हणजे आपल्या मोहरीच्या जवळपास. दोन एफचा दाणा सुमारे ०.६ ते १.२ मिलिमीटर, म्हणजे खसखशीपासून जाड रव्यापर्यंत. तीन एफचा ०.३ ते ०.८५, म्हणजे शिऱ्याचा बारीक रवा. चार एफचा ०.१५ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे नदीतली चाळलेली बारीक वाळू. दोन शेजारच्या प्रतींच्या मर्यादा थोड्या एकमेकींत शिरतात, आणि दोन कारखान्यांची एकाच नावाची दारू सारख्याच जोराची असते असेही नाही. म्हणून डबा बदलला की पुन्हा कमी मापापासून सुरुवात करावी लागते.

आता कोणत्या नळीला कोणता दाणा, हे पाहू. आपल्याकडे नळीचे माप 'बोर'मध्ये सांगतात. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी एका पौंडात जितकी होते तो आकडा म्हणजे बोर. त्यामुळे बारा बोरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची असते, तर वीस बोरची सुमारे १५.६ मिलिमीटरची. बारा, सोळा आणि वीस बोरच्या गुळगुळीत नळीच्या छर्ऱ्यांच्या बंदुकांना, तसेच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या आटेदार, म्हणजे आतून पिळदार खाचा असलेल्या, नळीच्या बंदुकांना दोन एफ ही प्रत सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. अर्ध्या इंचापेक्षा लहान नळीला, तसेच ठासणीच्या पिस्तुलांना आणि रिव्हॉल्वरना तीन एफ वापरतात, कारण तेथे नळी आखूड किंवा अरुंद असते आणि जाड दाणा पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडून दारू वाया जाते. एक एफ ही दहा व आठ बोरसारख्या फार रुंद नळ्यांना आणि लहान तोफांना. आमची बंदूक बारा बोरची आहे. तिला दोन एफचा दाणा हवा होता आणि तिच्या पोटात आम्ही वर्षानुवर्षे एक एफच्या आसपासचा दाणा, त्यात गाठी आणि भुकटी मिसळलेला, भरत होतो.

जाड दाण्याचा त्या रात्रीशी संबंध असा. टोपीच्या बंदुकीत निपलपासून नळीच्या तळापर्यंत एक अरुंद वाट असते आणि आमच्या बंदुकीत ती वाट काटकोनात वळते. टोपीची ज्योत या वाटेने जाऊन बाराला भिडली पाहिजे. दोन एफचे काही दाणे या वाटेच्या तोंडापर्यंत सरकून ज्योतीला सामोरे जातात, पण मोहरीएवढे दाणे तोंडावरच अडकतात. त्यात आदल्या बाराची काजळी ओल धरून वाटेत बसलेली असेल, तर ज्योतीऐवजी नुसती एखादी ठिणगी पलीकडे पोहोचते आणि ती एखाद्या ओलसर दाण्यावर धुमसत राहते. बार उडण्याला झालेला तो विलंब अशा धुमसण्याचाच होता, असे मला सर्व भाग उघडून पाहिल्यावर वाटले. काही जण या अडचणीवर उपाय म्हणून बारा बोरलाही तीन एफ वापरतात, कारण बारीक दाणा वाटेत सहज शिरतो. ते चुकीचेच आहे असे म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते: दोन एफवरून तीन एफवर जाताना माप दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी करावे लागते. बोटांनी मोजणाऱ्या घरात दहा टक्के कसे कमी करणार? शिवाय रुंद नळीत, जड छर्ऱ्यांमागे, बारीक दारूचा दाब छर्रे जागचे हलण्याआधीच चढतो, जुन्या नळीवर ताण येतो आणि छर्रेही एकत्र न जाता विस्कटतात. माझे मत असे की बारा बोरला दोन एफच ठेवावी आणि निपलची वाट स्वच्छ ठेवण्याचे कष्ट घ्यावेत.

चार एफविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिच्यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे आणि तो आता विसरला जात आहे. चकमकीच्या आणि तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकीत नळीच्या बाहेरच्या लहान पात्रात जी बारीक दारू घालतात तिला 'रंजक' म्हणतात. चकमकीची ठिणगी आधी रंजकावर पडते, रंजक भडकतो, आणि त्याची ज्योत नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आतल्या बाराला पेटवते. बाहेरचा रंजक पेटला पण आतला बार पेटलाच नाही, असेही होते. चार एफची दारू केवळ या रंजकासाठी असते. ती मुख्य बार म्हणून नळीत भरणे धोक्याचे आहे, कारण तेवढ्या मापाची एवढी बारीक दारू नळीला न पेलणारा दाब निर्माण करू शकते. आमच्या भागात चकमकीची बंदूक वापरात असलेले घर मला माहीत नाही; खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या दोन मी पाहिल्या आहेत. टोपीच्या बंदुकीला चार एफची गरजच नाही, आणि ज्याच्याकडे ती नसेल त्याच्या हातून ती चुकून भरली जाण्याचाही प्रश्न येत नाही.

आमच्याकडचा पाऊस हा या निवडीतला तिसरा भागीदार आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो. काही धूर म्हणून बाहेर जातो आणि बाकीचा काजळी म्हणून नळीत बसतो. ही काजळी क्षारयुक्त असते, हवेतले पाणी ओढून घेते आणि आमच्या हवेत एका रात्रीत लोखंडावर तांब, म्हणजे गंज, आणते. नळीला न शोभणाऱ्या जाड दाण्याचा एक दुष्परिणाम असा की न जळलेला भाग वाढतो आणि काजळीही वाढते. म्हणून राखणीवरून परत आल्यावर, झोप कितीही अनावर झाली असली तरी, निपल काढून नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी. धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाच्या संयुगांचा असतो. नंतर नळी पूर्ण कोरडी करून तेलाचा हात द्यावा, आणि पुन्हा बार भरण्यापूर्वी ते तेल स्वच्छ पुसून काढावे, कारण तेलकट तळाशी पडलेले दाणे पेटत नाहीत. खनिज तेल आणि दारूची काजळी एकत्र आली की डांबरासारखा चिवट थर तयार होतो, हेही लक्षात ठेवावे.

दारू विकत घेताना दाणा पाहण्याचा आग्रह धरावा. मी ज्या परवानाधारक दुकानातून अनेक वर्षे दारू घेत होतो तेथे प्रत विचारल्यावर 'बंदुकीचीच आहे' एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरावर मी बराच काळ समाधान मानले याचे मला आज वाईट वाटते. चांगला दाणा बोटांत हलकेच दाबला तर त्याची भुकटी होत नाही, त्याला चमक असते, आणि डबा तिरका केला की दारू मोकळी वाहते. गाठी झालेली दारू फोडून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. एकदा ओल लागून वाळलेल्या दारूत सोरा दाण्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि ती पूर्वीसारखी जळत नाही.

याहून मोठा धोका दुसऱ्याच वस्तू दारू म्हणून वापरण्यात आहे. आमच्या जिल्ह्यात दगडाच्या खाणी पुष्कळ आहेत आणि सुरुंगाची दारूही दिसायला काळी व दाणेदार असू शकते. पण ती बंदुकीसाठी केलेली नसते. परदेशात १८५७ पासून सुरुंगाच्या एका प्रकारच्या काळ्या दारूत नेहमीच्या सोऱ्याऐवजी सोडियम नायट्रेट वापरले जाऊ लागले, जे स्वस्त असले तरी फार लवकर ओल धरते. फटाक्यांतील दारूत ॲल्युमिनियमसारखे धातू आणि वेगळेच क्षार असतात, आणि तिचा स्फोट कोणतीही नळी सहन करील याची शाश्वती नसते. नव्या काडतुसांतील धूररहित दारू तर ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालू नये. ती दिसायला निरुपद्रवी वाटते, पण तेवढ्याच मापात तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी फुटून हाताची बोटे, डोळे, कधी जीवही जातो. घरी दारू तयार करण्याचा तर विचारही करू नये; तो गुन्हा आहे, आणि त्यातून घरेच्या घरे जळाली आहेत.

कित्तूर आमच्यापासून फार दूर नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याने कंपनी सरकारचा कलेक्टर थॅकरे याला ठार केले आणि डिसेंबरमध्ये इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, तेव्हा किल्ल्यातल्या दारूत फितुरांनी भेसळ केली होती म्हणून तोफा चालल्या नाहीत, अशी आठवण या भागातले कानडी आणि मराठी दोन्ही लोक सांगतात. लहानपणी ही कथा ऐकताना मला फितुरीचा राग येई. आता ती ऐकताना तोफेमागे बत्ती घेऊन उभ्या असलेल्या गोलंदाजाचा विचार मनात येतो, ज्याचा हात, नजर आणि हिंमत सर्व काही ठीक होते, पण कोठारातून आलेल्या दारूपुढे त्याचे काही चालले नाही.

बारात किती दारू घालावी याचा आकडा मी येथे देत नाही. प्रत्येक जुन्या नळीची जाडी, झीज आणि तळाची स्थिती वेगळी असते, आणि तो आकडा बंदूक प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणाऱ्या परवानाधारक कारागिरानेच सांगावा. मी आमची बंदूक तशी तपासून घेतली, निपल बदलले, आणि कारागिराने सांगितलेल्या मापाचे पितळी मापटे करून घेतले. मापट्यात दारू ओतून मगच ती नळीत घालायची, डब्यातून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून थेट कधीच नाही, कारण आदल्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असेल तर मापट्यातली दारू भडकेल, पण हातातला डबा वाचेल. बोळा दारूवर घट्ट टेकला पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. गजावर मी एक खूण कोरली आहे. बार भरल्यावर ती खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. आजोबांच्या बोटांच्या मापाचे तत्त्व हेच होते, आणि दाणा कायम एकच ठेवला तर ते तत्त्व आजही खरे ठरते.

आमची बंदूक केवळ आवाजासाठी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गवा किंवा इतर संरक्षित प्राणी मारणे गुन्हा आहे आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाचे नुकसान झाल्यास वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो आणि तो आम्ही करतो. मोकळ्या बारासाठीही दोन एफच बरी. बारीक दारूचा आवाज अधिक कडक येतो म्हणून काही जण तीन एफ भरतात, पण आवाजासाठी जुन्या नळीला जास्त दाब देण्याचे कारण मला दिसत नाही. बोळ्यामागे छर्रे नसले तरी जळता बोळा बऱ्याच अंतरापर्यंत जातो, आणि सुगीच्या दिवसांत वाळलेल्या पेंढीवर पडला तर खळे पेटू शकते, म्हणून दिशा मोकळ्या बारातही सांभाळावीच लागते.

अण्णा गेल्यानंतर परवाना माझ्या नावावर झाला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि ती परत आणल्यावर मी पहिले काम निपलची वाट तारेने मोकळी करण्याचे करतो. दारू आता कोरड्या जागी, चुलीपासून आणि टोप्यांपासून दूर, कुलपात ठेवलेली असते. घरातली धाकटी मुले कन्नड माध्यमात शिकली आहेत आणि त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून डब्यावर मी दोन्ही लिपींत चिठ्ठी डकवली आहे. तिच्यावर 'बंदुकीची काळी दारू, दोन एफ, फक्त बारा बोरसाठी' असा मजकूर, डबा उघडल्याची तारीख, आणि खाली थोड्या मोठ्या अक्षरांत 'या डब्यात दुसरी दारू मिसळू नये' एवढे लिहिले आहे.